काजळीला सांग

सारंगखेडा, ९ जून १९४६

चि. नवल,

तुझं कार्ड पोचलं. चार वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. अहमदाबादला गिरणीतल्या मुलांच्या शाळेत शिकवतोस, खोली कोरडी आहे, जेवणाची सोय आहे, एवढं कळलं. बरं वाटलं. तुझ्यावरचं बेचाळीसचं वॉरंट रद्द झाल्याचं इथे पोलीस पाटलानेच येऊन सांगितलं होतं. म्हणजे आता घरी यायला सरकारची आडकाठी नाही. तू लिहितोस, आडकाठी सरकारची नव्हतीच; आबा आहेत तोवर त्या घरात पाऊल ठेवणार नाही.

ते मी वाचलं. आबांना वाचून दाखवलं नाही. दाखवणार तरी कशी? सून सासऱ्यासमोर घुंगट काढत नाही आणि त्याच्या कानावर आपला आवाज पडू देत नाही, ही आपल्या गिरासे रजपुतांची रीत तुला सांगायला नको. तू होतास तोवर निभत होतं. तू मधला निरोप्या. ‘आई म्हणते, दादर ज्वारी संपली.’ ‘आबा म्हणतात, परवा दळण टाका.’ लहान होतास तेव्हा मधल्या मधे स्वतःचंही घुसडायचास. ‘आई म्हणते, नवलला गूळ द्या.’ मी असं कधी म्हटलं नव्हतं. आबांना ते कळत होतं आणि ते गूळ देत होते.

तू गेलास आणि घरात निरोप न्यायला कोणी राहिलं नाही. सुरुवातीला मी ताट ठेवायची, ते जेवायचे, मी ताट उचलायची. काय हवं, काय नको, काही कळायचं नाही. मग एका सकाळी ते काजळीला खरारा करत होते आणि मी आत चुलीपाशी होते. एकदम मोठ्याने म्हणाले, “काजळे, तुन्ही बाईले सांग, दायमा मीठ जास्त शे.”

मी दुसऱ्या दिवशी डाळीत मीठ कमी घातलं. जेवण झाल्यावर ते तिच्याजवळ गेले. “सांग, आते बराबर शे.”

तेव्हापासून आमचं असं चालतं. ते घोडीला सांगतात. मी आतून पितळी घागरीवर पळी वाजवते. एकदा वाजवली तर हो, दोनदा वाजवली तर नाही. शेजारची दगूबाई म्हणते, “लोकेसना घरमा माणूस वकील ऱ्हास, तुमना घरमा घोडी शे.” हस पाहिजे तर. आम्हीही हसतो, आपापल्या जागी.

हे सगळं लिहिलं कारण आता ते घोडीवर बसत नाहीत. होळीपासून पाय सुजतात, चार पावलांत धाप लागते. वैद्य म्हणाले, काळीज थकलं आहे. दिवसभर तबेल्याजवळ बाजेवर पडून असतात. काजळी मान खाली घालून त्यांच्या पागोट्याचा वास घेत उभी असते.

तुझं कार्ड आलं तो दिवस त्यांनी ओळखला. माझ्या हालचालीवरून ओळखलं असेल. काजळीला विचारलं, “पोऱ्याना कागद उना का?” मी एकदा वाजवलं. “बरा शे?” एकदा वाजवलं. “येस का?”

मी पळी हातात धरून उभी राहिले. वाजवलीच नाही. त्यांनी परत विचारलं नाही.

तू ये, नवल.

आईचे आशीर्वाद.


सारंगखेडा, २ जुलै १९४६

चि. नवल,

तुझ्या पत्रात एकच ओळ आहे. ‘आबांनी तो शब्द मागे घेतला का?’

नाही घेतला. घेणारही नाहीत.

त्या दिवशी मी दाराआड होते हे तुला ठाऊक आहे. तू नंदुरबारहून आलास. सदऱ्याच्या बाहीवर रक्त होतं. मी घाबरले, पण ते तुझं नव्हतं. चौकात पोरांवर गोळ्या चालल्या हे तू सांगितलंस. तू शिकवायचास त्या वर्गातलाही कोणी पोरगा त्यात होता. आबा लगाम शिवत बसले होते. तू त्यांच्यासमोर उभा राहून विचारलंस, “आबा, त्या शिपायांत तुम्ही असता तर?”

त्यांनी टाका पुरा केला. दोरा ओढून गाठ मारली, दाताने तोडला. मग म्हणाले, “हुकूम ऱ्हाता तर चालाडी असती.”

तू न जेवता निघून गेलास. ताट वाढलेलं होतं.

आता माझं सांगते. पुष्कळ दिवस मला त्यांचाच राग येत होता. ‘नाही रे, कशी चालवली असती’, एवढं म्हणायला काय लागत होतं? म्हातारा माणूस, काठावर बसलेला. एक शब्द खोटा बोलले असते तर तू घरात राहिला असतास. राग आला की मी भाकरी जरा जाड थापायची. त्यांना जाड भाकरी चावत नाही. त्यांनी कधी तक्रार काजळीकडे नेली नाही.

मग एके दुपारी ते तिला नदीवरून धुऊन घेऊन आले आणि अंगणात पुसत पुसत बोलू लागले. नेहमी ते माझ्यासाठी बोलतात तेव्हा आवाज चढवतात. त्या दिवशी चढवला नाही. मी ओसरीच्या आत तांदूळ निवडत होते. माझ्यासाठी होतं की खरंच घोडीसाठी, ते मला आजही कळलेलं नाही.

बसऱ्याची गोष्ट होती, पहिल्या महायुद्धातली. लढाई पुढे सरकली होती. आबा ज्यात दफेदार होते तो घोडदळाचा रिसाला नदीकाठी पडून होता. घोड्यांना जव मिळत होते आणि गावातल्या माणसांना काही मिळत नव्हतं. बाया-पोरं घोड्यांच्या रांगांत शिरायची. लिदीत न पचलेले दाणे असतात, ते वेचायची. शिपाई हाकलत होते, ती परत यायची. मग वरून हुकूम आला.

“मी चालाडी, काजळे,” ते म्हणाले. “एक पोर पडनं. त्यानी मूठमा जव व्हतात.”

मग तिच्या तोंडाला दाण्याचा तोबरा बांधला आणि ती खाईपर्यंत उभे राहिले.

मला त्या दिवशी कळलं, नवल. तू विचारलंस तेव्हा त्यांनी डोळे मिटून कल्पना केली नव्हती. त्यांना आठवलं होतं. जे केलं आहे ते ‘केलं नसतं’ असं ते तुला कसं सांगणार? तुझ्याशी ते कधीच खोटं बोलले नाहीत. तू तीन-चार वर्षांचा होतास. गावातल्या बाया तुला सांगायच्या, तुझे वडील परगावी गेलेत, येतील. आबांनी तुला घोड्याच्या खोगिरावर बसवलं आणि सांगितलं, “मरी गया तो. येवाव नही. मी शे.” मला त्या वेळी फार क्रूर वाटलं होतं. तू मात्र रडला नाहीस. ‘मग मला खाली उतरवू नका,’ एवढंच म्हणालास.

ते लढाईहून आले तेव्हा तू पाळण्यात होतास. इन्फ्लुएन्झाच्या साथीत तुझे वडील गेले, तेव्हा आबा समुद्रापलीकडे. पत्र पोचलं नव्हतं. दारात येऊन त्यांनी मुलाला हाक मारली. आतून कोणी ओ दिली नाही. मी द्यायची नव्हती. मी तुला उचललं, उंबऱ्यावर नेऊन ठेवलं आणि मागे सरले. तेच माझं उत्तर. त्यांना ते कळलं. तिथेच बसले, बूटसुद्धा काढले नाहीत, आणि तू त्यांच्या बुटाची वादी तोंडात घातलीस.

आणखी एक सांगते. मला लिहिता येतं ते कोणामुळे? तू म्हणशील, आई माझ्या पाटीवरून शिकली. खरं आहे. पण आबा तुला अक्षरं गिरवायला लावायचे ती उंबऱ्याला लागून. दर अक्षराचं नाव दोनदा, मोठ्याने. तुला एकदाच पुरत होतं. तू चिडायचास, “आबा, मी बहिरा नाही.” संध्याकाळी पाटी न पुसता तिथेच ठेवून ते गुरांकडे जायचे. रिसाल्यातला माणूस, वस्तू जागच्या जागी ठेवणारा, आणि पाटी मात्र रोज विसरायचा.

म्हणून हे पत्र मी लिहिते आहे आणि ते कोणाकडून वाचून-लिहून घेत नाही.

आबांची सूज पोटावर चढली आहे. शब्द मागे घेण्याची वाट पाहू नकोस.

आईचे आशीर्वाद.


सारंगखेडा, २१ ऑगस्ट १९४६

चि. नवल,

आबा गेले. श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी. तापीला पूर होता, नाव बंद होती. तारेला दोंडाईच्याला जावं लागतं, पलीकडे जाणार कोण? तुला तार का केली नाही, असं कोणी म्हटलं तर नदीला विचार. पूर उतरला तरी टपाल चिखलात अडकून होतं. हे पत्र आज पहिल्या नावेने देते.

अग्नी तुझे चुलत काका गिरधरभाऊ यांनी दिला. उंच जागा पाहून चिता रचली. लाकडं ओली होती, तरी पेटली. गावातले सगळे आले. प्रकाशाला संगमावर अस्थी न्यायच्या आहेत. गिरधरभाऊ लगेच निघायला तयार होते. मी दगूबाईकरवी नाही म्हणून कळवलं. गाडगं फडक्यात बांधून मागच्या लिंबाला टांगलं आहे. तू येशील तेव्हा नेशील. न आलास तर तिथेच राहील.

शेवटचं सांगायला हवं.

आदल्या दिवशी त्यांना आत, मधल्या खोलीत आणलं होतं, कारण पाऊस तिरपा येत होता. दगूबाई उशाशी. मी दाराआड. सकाळी त्यांना बोलायचं होतं आणि काजळी तबेल्यात. ते सारखे दाराकडे बघत होते. दगूबाई म्हणाली, “मामा, माले सांगा ना, मी सांगसू वहिनीले.” त्यांनी मान हलवली. नाही.

मग मी गेले आणि काजळीला सोडून आणलं. घरात. ती उंबऱ्यापाशी थबकली, मग आली. शेणामातीच्या जमिनीवर तिचे खूर उमटले. दगूबाई “अवं माय!” करत उठून परसात पळाली. काजळीने मान त्यांच्या बाजेवर नेली. मी तिच्या पलीकडे, घुंगट ओढून.

त्यांनी तिच्या गालावर हात ठेवला. “काजळे, पोऱ्या ई तव्हय सांगजो. त्यानी एक इचारं, मी खरं सांगं. दुसरं त्यानी इचारंच नही.”

मी पळी आणली नव्हती. घागर चुलीपाशी. हो वाजवायला नाही, नाही वाजवायला नाही. आणि हो-नाहीत बसेल असं माझं विचारणंही नव्हतं.

मी बोलले. “काय इचारानं ऱ्हायनं, मामाजी?”

त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा. माझाच आवाज मला परका वाटला. आबांनी लगेच तोंड भिंतीकडे वळवलं. म्हणजे मला लाज वाटू नये. मरणाच्या दारात, नवल, मान वळवायलाही त्यांना त्रास होत होता, तरी वळवली.

भिंतीकडे बघतच म्हणाले, “बंदूकना समोर नवल ऱ्हाता तर, हाई इचारानं ऱ्हाई गयं.”

“मंग? काय सांगतात तुम्ही?”

“ते तो इचारी तव्हय सांगसू.”

मग जरा हसल्यासारखं झालं. काजळीला म्हणाले, “बाईना आवाज मोठा शे व. माले वाटे, बारीक व्हई.”

त्यानंतर बोलले नाहीत. सूर्य वर आला तेव्हा गेले.

तुझी आई.


सारंगखेडा, १४ ऑक्टोबर १९४६

चि. नवल,

तुझं पत्र दसऱ्यानंतर आलं. मी दोनदा वाचलं आणि मग पितळी घागर घासायला घेतली.

तू लिहितोस, मेलेल्या माणसाला प्रश्न विचारायला येण्यात अर्थ नाही. ठीक आहे. पुढे लिहितोस, ‘मी डोंगरात लपलो होतो त्या हिवाळ्यात तू धनसिंगच्या हाती भाकरी पाठवल्यास म्हणून जगलो. आबांनी एकदा तरी विचारलं का, पोरगा जिवंत आहे की मेला?’

मला बोलायची मनाई होती. मनाई करणारा गेला. आता सांगते.

मी धनसिंगला तोपर्यंत पाहिलंही नव्हतं. तो डोंगरातून शहाद्याच्या बाजाराला लाकडाच्या मोळ्या घेऊन येतो, हे मला कसं माहीत असणार? मी उंबऱ्याबाहेर जाते ती नदीपर्यंत. त्याला शोधलं आबांनी. तू कुठे आहेस ते त्याच्याकडून काढून घेतलं आबांनी. कसं, ते त्यांनी काजळीलाही सांगितलं नाही.

तू गेल्यावर काही दिवसांनी ते तिला म्हणाले, “बाईले सांग, बाजारना दिवस शे. भाकरी जास्त कर. कळण्यानी. तीन दिन टिकाले पाहिजे.” एकट्या म्हाताऱ्याला उडीद-ज्वारीच्या, तीन दिवस टिकणाऱ्या भाकरी कशाला? मी एकदा वाजवलं. त्या दिवशी मी भाकरी पातळ थापल्या, लसणाची चटणी जास्त तेलात केली, तुला आवडते तशी. त्यांनी फडकं उचलून वजन पाहिलं. “आते बाई समजनी,” असं काजळीला म्हणाले.

दर बाजाराला ते सकाळीच घोडीवर बसून लोणखेड्याच्या बाजूला जायचे. सत्तरीचा माणूस. गावाला सांगायचे, घोडीचे पाय मोकळे करतो. नदीकाठी धनसिंग मोळी टेकवून बसलेला असायचा. त्याला ताकीद होती: विचारलं तर मायने दिल्या म्हणायचं. मला ताकीद काजळीकडून आली. “पोऱ्याले कळनं तर भाकर फेकी देई. खाऊ दे त्याले.”

नवल, तू फेकून दिली असतीस. दिली असतीस ना?

आणखी आहे. पौषात फौजदार आला, दोन शिपाई घेऊन. आबा नुकतेच लोणखेड्याहून परतले होते. खोगीर अजून घोडीवर, आणि खोगिराला रिकामं फडकं लटकत होतं. फौजदार आला हे कळताच आबांनी आत जाऊन रिसाल्याचा कोट घातला, त्यावर बिल्ले, आणि बाहेर येऊन टाचा जुळवून उभे राहिले. मी फटीतून बघत होते. मला वाटलं, संपलं. हा माणूस साहेबासमोर खोटं बोलणार नाही. तुझ्याशी बोलला नाही, तर सरकारशी काय बोलेल?

फौजदार म्हणाला, “दफेदारसाहेब, तुम्ही सरकारचं मीठ खाल्लंय. नातू कुठे आहे?”

“मालूम नही, साहेब.” आणि सलाम केला. पूर्ण, हात कपाळाला लावून.

शिपायाने ते मोठं फडकं पसरून हुंगलं. “शिदोरी कोनी, दफेदार?”

“मन्ही. म्हतारा शे. भूक लागस.”

“तीन मानसेसनी?”

“तू मन्हा वयना व्हई तव्हय समजी,” आबा म्हणाले. दुसरा शिपाई हसला.

मग फौजदार म्हणाला, घरात बाई आहे, तिला विचारा. आबा म्हणाले, सून आहे, आमच्यात बोलत नाहीत. तो म्हणाला, मग कसं करता? आबा काजळीकडे वळले. तिथे, सगळ्यांसमोर, कोटबिट घालून. “काजळे, बाईले इचार, पोऱ्या कथा शे, तिले माहीत शे का?”

चुलीवर तुझ्याच पुढच्या बाजाराच्या चटणीचा लसूण तळत होता. मी घागरीवर पळी दोनदा वाजवली.

शिपाई तर पोट धरून हसू लागले. फौजदारही हसला, वेडं घर आहे म्हणाला, आणि गेले. ते वळणावर दिसेनासे होईपर्यंत आबा टाचा जुळवून उभे होते. मग कोट काढला. बिल्ले एकेक काढून हातात घेतले आणि तबेल्यात गेले. तो कोट त्यांनी पुन्हा घातला नाही. पुढच्या यात्रेला साध्या अंगरख्यात गेले. घोड्यांचे व्यापारी विचारत होते, “दफेदार, बिल्ला कथा गयात?” ते सांगायचे, “घोडीनी खाई टाकात.”

आबा गेल्यावर मी तिचा जुना तोबरा धुवायला खुंटीवरून काढला. तळाशी वाजलं. सगळे बिल्ले तिथेच होते, चण्याच्या भुशात.

तू विचारतोस, त्यांनी एकदा तरी विचारलं का. रोज विचारत होते. मला नाही विचारता आलं म्हणून घोडीला. मी पळी एकदा वाजवायची, ती अंदाजाने. मलाही कुठे माहीत होतं?

आईचे आशीर्वाद.


सारंगखेडा, १३ डिसेंबर १९४६

चि. नवल,

दोन महिने तुझा कागद नाही. मी रागावलेली नाही. कळल्यावर माणसाला वेळ लागतो.

दत्तजयंतीची यात्रा भरली आहे. नदीकाठी नजर जाईल तिथवर घोडे आहेत. तू सोळा-सतराचा असताना याच यात्रेत आबांनी काजळी घेतली होती, आठवतं? तेव्हा शिंगरू होती. चाल अशी की सगळे थांबून बघायचे, आणि डोळ्याखालचा केसांचा भोवरा दिसला की पुढे सरकायचे. आसूढाळ. ज्याच्या दारात असा घोडा बांधला ते घर रडतं म्हणतात. आबा म्हणाले होते, रिसाल्यात खूर बघतात, दात बघतात, छाती बघतात. आसू कोणी बघत नाही. तू तिला ओढत घरी आणलंस आणि काजळी नावही तूच ठेवलंस. तू गेलास तेव्हा गावाने तिलाच बोल लावला. आबा गेले तेव्हाही.

गिरधरभाऊ भल्यासाठीच म्हणाले, “वहिनी, बाईमाणूस घोडी कशी सांभाळशात? इकी टाकू.” मी डोक्यावरून पदर ओढून उभी. ते माझं गप्प राहणं होकार समजले. आजवर तसंच समजत आले, त्यांची चूक नाही. परवा पहाटे तिला घेऊन गेले.

मी भाकरी करायला बसले. पीठ मळलं आणि पाण्याचा हात पुसून उठले. दगूबाईला म्हटलं, चल माझ्याबरोबर. ती बघतच राहिली. मी यात्रेत कधी गेले नव्हते. एवढ्या वर्षांत फक्त घोड्यांचे आवाज ऐकत होते.

गिरधरभाऊ सापडले तेव्हा व्यवहार चालला होता. तुला माहीत आहे, भाव तोंडाने बोलत नाहीत. उपरण्याखाली हातात हात घालून बोटं दाबतात, आजूबाजूच्या कोणाला कळत नाही. माळव्याकडचा एक व्यापारी होता. दोघांचे हात उपरण्याखाली. काजळी मान खाली घालून उभी, कान मागे. मी आले आणि तिने कान पुढे केले. ती मला चेहऱ्याने ओळखत नसावी, घुंगटच बघितलाय तिने. वासाने असेल.

मी म्हटलं, “भाऊ, घोडी इकानी नही.”

गिरधरभाऊंचा हात उपरण्याखालीच राहिला. “वहिनी, तुम्ही बोलतात?”

“बोलस.”

व्यापारी शहाणा होता. आपल्याच बोलीत गोड बोलून म्हणाला, “बाई, हिना डोळा दख. आसू शे. हाई घर रडाडस.”

“रडी झायं,” मी म्हटलं. “आते इले घर न्यावानी शे.”

दगूबाई मागून म्हणाली, “दफेदारना घरनी शे ती. तिना नाद करू नको.” लोक हसले. गिरधरभाऊंनी हात काढून घेतला आणि दोरी माझ्या हातात दिली. मी तिला चालवत घरी आणलं. यात्रेतून, सगळ्यांच्या देखत. तोंड झाकलेलं होतं, तरी वाट दिसत होती.

ती रोज संध्याकाळी लिंबाखाली जाऊन उभी राहते. वर गाडगं आहे. मी काही समजून घेत नाही, तिथे सावली असते म्हणूनही असेल.

आईचे आशीर्वाद.


सारंगखेडा, २७ डिसेंबर १९४६

चि. नवल,

तुझं कार्ड आजच आलं. ‘शनिवारच्या गाडीने दोंडाईच्याला उतरतो. अस्थी प्रकाशाला नेऊ.’ एवढंच. अक्षर नेहमीचं नाही, घाईत लिहिलंस वाटतं.

धनसिंग काजळीला घेऊन स्टेशनवर येईल; टपालाला वेळ नाही, म्हणून हे पत्रही त्याच्याच हाती देते. यात्रेसाठी आला होता तो इथेच थांबला आहे. मी त्याला जेवायला वाढलं, चार शब्द बोलले. तो लाजला, मी नाही. तापीला आता उतार आहे, पाणी घोडीच्या गुडघ्याच्या वर जात नाही. तिला घाई करू नकोस. ती थकली आहे, पण पाय अजून चांगला टाकते.

तू काही विचारायला येतो आहेस का, ते लिहिलं नाहीस. मीही विचारत नाही. इथे आलास की आपण दोघे समोरासमोर बसू आणि दोघांनाही काही सुचणार नाही, हे मी आत्ताच जाणते. तुझ्याशी बोलायला मला कधी घोडी लागली नव्हती, पण चार वर्षं झाली आहेत.

म्हणून एक कर. धनसिंगला पुढे चालू दे. स्टेशनपासून घरापर्यंत वाट लांब आहे. मला जे सांगता येणार नाही, आबांना जे विचारायचं आहे, ते वाटेत तिला सांग. मोठ्याने सांग. तिला सवय आहे.

मी उंबऱ्यावर आहे. तिचे कान बघून मला कळेल.

भाकरी कळण्याच्या करते.

तुझी आई.